प्लॅटरवरचं भस्म

पंधरा वर्षं झाली मला बंद पडलेल्या हार्ड डिस्कांमधून डेटा काढायच्या धंद्यात, आणि या पंधरा वर्षांत एक गिऱ्हाईक माझ्याशी खरं बोललं असेल तर शपथ. माणूस दुकानात येतो, डिस्क टेबलावर ठेवतो आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणतो, "काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडली." आपोआप! उदगीरच्या एकानं आणली होती, तिच्यातून चहाची पत्ती निघाली. एका मास्तरांनी आणली, तिच्या आत पाचही बोटांचे ठसे. म्हटलं, मास्तर, उघडली होती का? म्हणे, छे छे, आम्ही कशाला उघडू! मग ते ठसे काय कारखान्यातून आले होते? तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

म्हणून माझा एक नियम आहे. आतले प्लॅटर डोळ्यांनी बघितल्याशिवाय डिस्कला वीज द्यायची नाही. प्लॅटर म्हणजे डिस्कच्या पोटातल्या गोल चकत्या, आरशासारख्या लख्ख. त्यांच्यावरून वाचणारी हेडं फिरतात, आणि हेड अन् चकती यांच्यात जी जागा असते ना, ती केसाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाहूनही कमी. तिथं धुळीचा एक कण घुसला अन् वरून तुम्ही वीज दिली, की संपलं. चकती मिनिटाला पाच हजार फेरे मारते, हेड कणावर आपटतं, आणि बारसं, लग्न, सातबारा सगळं खरवडून निघतं. बरं, वरून बघून काही कळत नाही. वरचं अंग नेहमी लख्ख असतं, खोट असते खालच्या अंगाला. त्यासाठी मी दातांच्या एका डॉक्टरकडून त्याचा लांब दांडीचा इवलासा आरसा मागून आणलाय. तो चकतीखाली सरकवायचा, बाजूनं तिरपी बॅटरी मारायची आणि गव्हातले खडे शोधावेत तसं बघत बसायचं.

हे काम होतं लातूरच्या गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या दुकानात, हवा गाळणाऱ्या एका काचेच्या कपाटात. त्याच्यापुढं बसायच्या आधी साबणानं तोंड धुवायचं, मग टोपी, मास्क, हातमोजे. यावरून आमच्या घरी रोज सकाळी कटकट. आमची आई नागम्मा स्वतःच्या हातानं माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढते, कारण मी ओढले तर वाकडे येतात असं तिचं म्हणणं, आणि मी दुकानात येऊन ते धुऊन टाकतो. "अय्यो शिवा, भस्म पुसून कसली बरकत रे तुझ्या धंद्याला!" चाळिशीचा घोडा झालोय मी, पण तिच्यासमोर कपाळ पुढं करावंच लागतं.

त्या दिवशी श्रावणातला सोमवार होता. उपास. सकाळपासून पोटात दोन केळी, त्यामुळं माझा पारा आधीच चढलेला. अकराच्या सुमाराला दोघं आली. पुढं एक बावीस-तेवीसची पोरगी, हातात हिरव्या बांगड्या आणि एक भली मोठी बॅग. मागं तिचा बाप, पांढरा सदरा-पायजमा, गळ्यात तुळशीची माळ. दवाखान्यात सुई टोचायला आणलेल्या पोरासारखा तो तिच्या मागं मागं येत होता.

"ती बॅग बाहेर ठेवा," मी म्हणालो. "हा बसस्टँड नाही."

"राहू द्या सर," पोरगी म्हणाली. "लागणार आहे मला ती."

तिनं पर्समधून टॉवेलात गुंडाळलेली एक छोटी डिस्क काढली आणि लहान लेकराला ठेवावं तशी टेबलावर ठेवली. मग बसली आणि सांगायला लागली. बोलणं एकदम नीट. नायगावच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली.

तिचं नाव अयोध्या, बापाचं व्यंकटी. मे महिन्यात तिचं लग्न झालं, नायगावातच. सासर निलंग्याचं, नवऱ्याचं नाव दयानंद. दयानंदाचे वडील तो लहान असतानाच गेले, त्याला वाढवलं, शिकवलं ते त्याच्या मामानं, ग्यानोबामामानं. लग्नात या ग्यानोबामामाचं बिनसलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो. तर त्यांचं म्हणणं असं, की सगळ्या सोयऱ्यांना मानाचे फेटे बांधले, पण मला बांधलाच नाही, हजार माणसांत मी बोडक्या डोक्यानं उभा होतो.

"बांधला की!" व्यंकटीकाका जमिनीकडं बघत म्हणाले. "शूटिंगमधी हाय."

"आबांनी तिथं मांडवात पण हेच सांगितलं," अयोध्या म्हणाली. "मग मामा म्हणाले, दाखवा शूटिंग. फेटा दिसला तर नायगावला येऊन तुमच्या पाया पडतो. नाही दिसला तर पोरगी तुमच्याकडंच ठेवा. मी मांडवपरतणीला चार दिवस म्हणून माहेरी आले, ती मला न्यायला कुणी आलंच नाही. तीन महिने झाले."

"आणि नवरा?"

"रोज फोन करतात. गोठ्याच्या मागं उभं राहून, हळू आवाजात. बघा ना, मला घेऊन जायला त्यांची ना नाही, पण मामांचा शब्द मोडायचा कसा? त्या माणसानं यांना पोटच्या पोरासारखं सांभाळलंय." ती हसली, पण डोळे भरले होते. "यंदा लग्नानंतरची पहिली पंचमी होती सर. सगळ्या मैत्रिणी माहेरी आल्या. मला विचारत होत्या, अयोध्या, तू कधी आलीस? काय सांगू त्यांना? परत गेलेच नाही म्हणू?"

मला वाईट वाटलं. मी चिडका आहे, दगड नाही.

शूटिंगवाल्यानं सगळं या एका डिस्कमध्ये घालून दिलं आणि स्वतःकडचं पुसून टाकलं. तीन आठवड्यांपूर्वी हिनं ती टीव्हीला लावली, तर भुंग्यासारखी नुसती गुणगुण करायला लागली. येत्या गुरुवारी निलंग्यात बैठक ठरलेली, दोन्हीकडची जाणती माणसं बसणार, शूटिंग बघणार आणि काय तो निकाल लावणार. म्हणजे या पोरीचा संसार टेबलावरच्या त्या टॉवेलात होता.

मी माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. उत्तरं मला पाठ असतात, पण विचारावे लागतात.

"पडली होती का?"

"हाव," व्यंकटीकाका म्हणाले. "पडली."

मी पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षांत हे उत्तर कधी आलं नव्हतं.

"पाण्यात वगैरे?"

"हाव, पाण्यात बी. हौदात."

"आबा!" अयोध्या ओरडली. "हौदात कधी?"

"तू झोपली व्हतीस."

"उघडली होती का कुणी?"

"उघडली ना. मीच उघडली. मंग म्हशीनं पाय दिला." काकांचा उत्साह वाढत चालला होता. "साहेब, मेली असंल ती. तुम्ही कशाला तरास घेता? निस्तं मेली म्हणून कागदावर लिहून द्या, शिक्का मारून. गुरुवारी बैठकीत दाखवता यील."

पहिल्यांदा मला गहिवरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, शेवटी भेटला एक खरं बोलणारा माणूस! पण म्हशीवर आल्यावर माझी सटकली. "हौदात बुडवायची, उघडायची, म्हशीच्या पायाखाली द्यायची, आणि वर गुरुवारपर्यंत पाहिजे! काय माणसं हो तुम्ही! पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एक डिस्क सांभाळता आली नाही तुम्हाला?" मी तणतणत डिस्क उचलली, तणतणत मास्क चढवला, हातमोजे घातले आणि कपाटात डोकं घातलं. बापलेक काचेच्या पलीकडं स्टुलांवर बसली.

बाहेरच्या खोक्याला कुठं पोचा नाही. म्हैस खोटी. झाकणावरचं कारखान्याचं सील जागच्या जागी, नखसुद्धा लागलेलं नाही. म्हणजे उघडली तेही खोटं. झाकण काढलं. आतला गाळणीचा कागद पांढराशुभ्र, पाण्याचा डाग नाही. हौद खोटा. एवढं खोटं बोलणारं गिऱ्हाईक मी बघितलं नव्हतं, आणि तेही उलटं! लोक केलेलं लपवतात, हा माणूस न केलेलं कबूल करत होता.

एक मात्र खरं होतं. डिस्क पडली होती. धक्क्यानं हेडं आपली जागा सोडून चकतीवर सरकली होती आणि तिथंच चिकटून बसली होती, म्हणून ती गुणगुण. आता सगळं यावर होतं, की चिकटली तिथं ओरखडा पडलाय का. मी श्वास रोखून हेडं अलगद उचलली, मागं नेऊन जागेवर बसवली. बॅटरी तिरपी धरली. वरचं अंग साफ. दातांच्या डॉक्टरचा आरसा खाली सरकवला. खालचं अंग साफ. दुसरी चकती, वर साफ, खाली साफ. माझ्या पोटातली दोन केळी जागेवर बसली.

"ओरखडा नाही!" मी काचेतून ओरडलो. "पाणी नाही, उघडलेली नाही, काही नाही! धडधाकट आहे!"

अयोध्यानं दोन्ही हात जोडले. व्यंकटीकाकांचं तोंड मात्र असं उतरलं, की जणू घरात कुणी गेलंय.

नियम म्हणजे नियम. झाकण लावायच्या आधी पुन्हा एकदा वरून बघायचं. बघितलं, आणि झाकण हातातच राहिलं. मघाशी लख्ख असलेल्या चकतीवर आता पांढरे कण होते. एक, दोन, चार. भिंग लावलं. राखाडी पांढरं, भुसभुशीत. भस्म. शेणीची राख आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, मी ती अंधारातसुद्धा ओळखीन. याच्यावर वीज दिली असती तर अयोध्याचं लग्न कायमचं पुसलं गेलं असतं.

मी मास्क ओढून बाहेर आलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "काका! डिस्कला भस्म लावलंत? पूजा केलीत? अहो, ही काय पिंड आहे का? आतमध्ये भस्म टाकता! एवढ्याशा कणानं सगळं शूटिंग भुईसपाट झालं असतं, कळतंय का?"

व्यंकटीकाकांचा चेहरा उजळला. अगदी उजळला. "हाव!" ते म्हणाले. "मीच टाकलं. लई टाकलं. मूठभर टाकलं. मंग आता मेलीच म्हणायची ना ती?"

"मेलीच समजा!"

"लिहून देता का?"

तेवढ्यात अयोध्या उठली. "सर, एक मिनिट. मघाशी तुम्हीच म्हणालात, ही उघडलेलीच नाही."

मी वळून कपाटाकडं बघितलं.

"उघडलीच नाही तर आत भस्म टाकलं कसं? आणि आमच्या घरात भस्म नाहीच. आम्ही माळकरी. बुक्का लावतो." तिनं बापाच्या कपाळाकडं बोट केलं. तिथं बुक्क्याचा काळाभोर टिळा होता. तासभर तो माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्यालाच भस्माचा जाब विचारत होतो. मग तिनं माझ्या कपाळाकडं बघितलं. नुसतं बघत राहिली.

मी परत कपाटापाशी गेलो. वाकलो. चकती आरशासारखी लख्ख, आणि त्या आरशात माझं थोबाड. डोक्यावर टोपी नाही. कपाळावर आईनं हात सैल सोडून ओढलेले तीन पट्टे, आणि त्यातल्या मधल्या पट्ट्याचा अर्धा भाग गायब. रागाच्या भरात मी तोंड धुतलंच नव्हतं. टोपीसुद्धा घातली नव्हती. घाम आला, भस्म सुटलं आणि तणतणत मान हलवताना ते पोरीच्या लग्नावर पडलं.

आता मी जे सांगतोय ते मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. मला एक क्षण वाटलं, गप्प बसावं. बाप स्वतःहून कबूल करतोय, शिक्का मारून मागतोय. पोरगी एकदा बोलली खरी, पण तिला या धंद्यातलं काय कळतंय? डिस्क मेली म्हणायचं, कागद द्यायचा, पंधरा वर्षांचं नाव शाबूत. काचेतून मला ती मोठी बॅग दिसत होती. आणि एकदम माझ्या ध्यानात आलं, की त्या बॅगेत काय आहे. नायगावहून लातूरला एका दिवसाच्या कामाला कुणी एवढी बॅग आणत नाही. शूटिंग निघालं की इथूनच पुढं निलंग्याला जायचं ठरवून ती पोरगी साड्या भरून आली होती. माझी मलाच लाज वाटली.

बाहेर आलो. "भस्म माझं आहे," मी म्हणालो. "चूक माझी. मी चिडलो, तोंड न धुता बसलो. काका, तुम्हाला उगीच बोललो, माफ करा. डिस्क मेलेली नाही. वीज दिलेली नाही, त्यामुळं कण नुसते वर बसलेत. साफ होतील."

व्यंकटीकाका माझ्याकडं बघतच राहिले. दुकानदार गिऱ्हाइकाची माफी मागतो हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितलं असावं. मीही ती पहिल्यांदाच मागत होतो.

अयोध्या मात्र बापाकडं वळली. "आबा, तुम्ही भस्म टाकलं नव्हतं. मग हाव कशाला म्हणालात?"

काका गळ्यातल्या माळेचे मणी चाचपत बसले.

मी साबणानं तोंड धुतलं. दोनदा धुतलं. टोपी घातली, मास्क घातला, हवेचा पंप आणि ओला बोळा घेऊन एकेक कण उचलला, भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं. झाकण लावलं. मग देवाचं नाव घेऊन वीज दिली. डिस्क फिरली. आवाज असा गोड, की काय सांगू. नक्कल उतरायला लागली आणि तिसऱ्या प्रहरी पडद्यावर फायली दिसायला लागल्या. हळद, वरात, मंगलाष्टक. अयोध्यानं स्टूल एवढं पुढं ओढलं, की तिचं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं.

"मंगलाष्टक लावा सर," ती म्हणाली.

मी बाण नेऊन ठेवला.

"थांबवा, साहेब." व्यंकटीकाका उभे राहिले होते. "लावू नका. त्याच्यात फेटा न्हाई."

मी बाण बाजूला नेला.

"बारा फेटे व्हते," काका म्हणाले. "मोजून बारा. मामाचा गुलाबी, येगळा काढून ठेवला व्हता. ऐन टायमाला एक पुढारी आला, दोन गाड्या घेऊन. बोलावलं बी न्हवतं त्याला. माईकवाला म्हणाला, साहेबांचा सत्कार करा. सगळे बघून राहिले माझ्याकडं. मी काय करू? हाताला आला तो फेटा त्याच्या डोक्यावर बांधला. म्हटलं, मामाला दुसरा आणतो. तवर मंगलाष्टका लागल्या." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "पंगतीत मामानं विचारलं. शंभर माणसं ऐकून राहिली. कमीपणा वाटला मला. म्हणून बसलो, बांधला की, शूटिंगमधी हाय. मंग शूटिंग आलं घरात. घराच्या माळवदावरनं फेकली ती डिस्क, तर कडब्याच्या गंजीवर पडली."

"तीन महिने, आबा!" अयोध्या उठून उभी राहिली. "एका फेट्यापायी तीन महिने मी लोकांची तोंडं चुकवत फिरले! तुम्हाला माझी दया नाही आली?"

"लई आली," काका म्हणाले. "रोज आली. पर एकदा बोलून बसलो, ते गिळताच येईना. आज ह्या माणसानं दोन मिनिटांत गिळलं. त्याला काय झालं? काय बी न्हाई झालं." आणि तो पन्नाशीचा माणूस माझ्या दुकानात ओक्साबोक्शी रडायला लागला.

अयोध्याही रडत होती, पण तिचा अंगठा फोनवर चालू होता. तिनं नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन बापाच्या हातात दिला. "बोला," एवढंच म्हणाली.

"कोण?" पलीकडून खर्जातला आवाज आला.

"पावणं, मी व्यंकटी." काकांनी घसा साफ केला. "फेटा बांधला न्हवता. तुमचंच खरं. शूटिंगमधी बी न्हाई. तुमचा फेटा म्या पुढाऱ्याच्या डोक्यावर बांधला. चूक माझी हाय."

अयोध्यानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"कोणत्या रंगाचा व्हता?" ग्यानोबामामानं विचारलं.

"गुलाबी."

"गुलाबी? त्या पुढाऱ्याला?"

"हाव."

"शोभला का त्याला?"

"न्हाई, पावणं. जराबी न्हाई शोभला."

"मंग!" मामा म्हणाले. आवाजात मोठं समाधान. आणि मग तोच आवाज एकदम खाली आला. "व्यंकटराव, तीन महिने झाले. घरातले समदे म्हणून राहिले, मामा, तुमचं वय झालं, बांधला असंल, तुम्ही इसरला असाल. मलाबी वाटायला लागलं व्हतं हो. रातच्याला डोकं चाचपून बघायचो, व्हता का न्हवता. भ्या वाटायचं, की आता समदंच इसरणार मी. तुम्ही आज सांगितलं, बरं केलं. डोकं जागेवर हाय माझं."

अयोध्यानं फोन स्वतःकडं घेतला. "मामा, मी अयोध्या."

"कुठं हायस गं बाई?"

"लातूरला."

"एवढ्या जवळ येऊन बसलीस व्हय? निलंग्याची गाडी चारला हाय. दयानंदाला स्टँडवर पाठवतो. त्याला म्हणावं, आता गोठ्यामागून फोन करायची गरज न्हाई, म्हशी बुजतात." आणि फोन ठेवला.

मग काय धांदल उडाली! पावणेचार झाले होते. व्यंकटीकाका आधी गंजगोलाईत पळाले, गुलाबी फेटा घ्यायला, आणि धापा टाकत दोन घेऊन आले. "एक चुकून कुणाच्या डोक्यावर बसला तर दुसरा असावा," म्हणाले. अयोध्यानं तोंड धुतलं, केस सारखे केले आणि बॅगेला हात घातला. मी तिच्या हातातून ती काढून घेतली. सकाळी जी बॅग मी दुकानात येऊ देत नव्हतो, ती खांद्यावर घेऊन मी गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो आणि रिक्षात ठेवली. जड होती. किती साड्या भरल्या होत्या कोण जाणे.

रिक्षा सुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डिस्क टेबलावरच राहिलीय. ज्या डिस्कपायी हे सगळं रामायण झालं, ती कुणाच्या ध्यानातच नव्हती. मी हात वर करून ओरडलो, "अहो ताई! डिस्क! शूटिंग राहिलं तुमचं!"

अयोध्यानं रिक्षातून डोकं बाहेर काढलं. एवढा हसरा चेहरा मी सकाळपासून बघितला नव्हता.

"असू द्या सर, तुमच्यापाशीच!" ती ओरडली. "पुढच्या पंचमीला माहेरी जाताना नेईन!"